घरगुती फ्लाइट सिम्युलेटरसाठी उड्डाण-आराखड्याच्या सॉफ्टवेअरची निवड : नवी मुंबई विमानतळाच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

घरच्या संगणकावर विमान चालविण्याचा अनुभव देणारे फ्लाइट सिम्युलेटर आज केवळ करमणुकीचे साधन राहिलेले नाही. भूगोल, भौतिकशास्त्र, गणित व हवामानशास्त्र या विषयांच्या अध्यापनासाठी त्याचा उपयोग होऊ शकतो. मात्र त्यासाठी सिम्युलेटरच्या जोडीला उड्डाणाचा आराखडा तयार करणारे योग्य सॉफ्टवेअर आवश्यक असते. प्रस्तुत लेखात अशा सॉफ्टवेअरच्या निवडीचे निकष मांडले असून नवी मुंबई ते नागपूर या काल्पनिक उड्डाणाच्या आधारे ते तपासले आहेत.

बीजसंज्ञा : फ्लाइट सिम्युलेटर, उड्डाण-आराखडा, दिशादर्शन विदा, इंधन-गणित, नवी मुंबई विमानतळ

प्रस्तावना

भारतीय नागरी विमानवाहतुकीच्या इतिहासात मुंबईचे स्थान अनन्यसाधारण आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत 'पस मॉथ' हे छोटे विमान आणले आणि या इतिहासाचा प्रारंभ झाला. त्यानंतर सुमारे ९३ वर्षांनी, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी, नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले व २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी वाहतूक सुरू झाली. उलव्याची टेकडी सपाट करून, नदीचा प्रवाह वळवून आणि अनेक गावांचे पुनर्वसन करून हा विमानतळ उभा राहिला. ज्यांच्या आईवडिलांच्या शेतजमिनी या प्रकल्पात गेल्या, अशा कुटुंबांतील मुले आज पनवेल-उरण परिसरातील महाविद्यालयांत शिकत आहेत. डोक्यावरून जाणाऱ्या विमानाबद्दल त्यांच्या मनात कुतूहल आहे, परंतु वैमानिक प्रशिक्षणाचा खर्च बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचा आहे. या कुतूहलाला अभ्यासाची जोड कशी द्यावी, हा प्रश्न प्रस्तुत लेखामागे आहे.

येथे एक गोष्ट प्रारंभीच स्पष्ट करणे इष्ट ठरेल. घरगुती सिम्युलेटरवर घालविलेले तास वैमानिक परवान्यासाठी ग्राह्य धरले जात नाहीत. त्यासाठी मान्यताप्राप्त उपकरण व मान्यताप्राप्त संस्थाच लागते. म्हणून विद्यार्थ्यांना खोटी आशा दाखविण्याचे काम अध्यापकांनी करू नये. सिम्युलेटर विचार करण्याची शिस्त शिकवतो, आणि ती शिस्त प्रामुख्याने उड्डाणापूर्वीच्या आराखड्यात असते.

सिम्युलेटर व आराखडा : परस्परसंबंध

ब्रूस आर्टविक यांनी तयार केलेला व सबलॉजिक या कंपनीने १९७९ मध्ये बाजारात आणलेला फ्लाइट सिम्युलेटर काही रेषांच्या आकृत्यांपुरता मर्यादित होता. मायक्रोसॉफ्टने १९८२ मध्ये आपली पहिली आवृत्ती काढली. २०२० व २०२४ च्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये तर उपग्रहचित्रांवर आधारित संपूर्ण पृथ्वीच उपलब्ध झाली. याखेरीज 'एक्स-प्लेन' हा सिम्युलेटर व 'फ्लाइटगियर' हा पूर्णतः विनामूल्य व मुक्तस्रोत सिम्युलेटरही प्रचलित आहेत.

सिम्युलेटर विमान उडवतो. परंतु कोठून, कोणत्या मार्गाने, किती उंचीवरून, किती इंधन घेऊन जायचे आणि नियोजित ठिकाणी उतरता आले नाही तर कोठे जायचे, या पाच प्रश्नांची उत्तरे आराखड्यातून मिळतात. बहुतेक सिम्युलेटरमध्ये आराखड्याची जुजबी सोय असतेच. तथापि ती बहुधा दोन विमानतळ रेषेने जोडण्यापुरती असते. अध्ययनाच्या दृष्टीने ती अपुरी पडते.

निवडीचे निकष

१) दिशादर्शन विद्याची अद्ययावतता. विमानतळ, धावपट्ट्या, मार्गबिंदू, हवाई मार्ग यांची माहिती जगभर दर २८ दिवसांच्या ठराविक चक्राने सुधारली जाते. या व्यवस्थेला 'एअरॅक' म्हणतात. वर्षात साधारणतः १३ चक्रे होतात. चक्राच्या क्रमांकातील पहिले दोन अंक वर्षाचे व पुढील दोन अंक त्या वर्षातील चक्राचे असतात. प्रस्तुत लेखकाने एका जुन्या सॉफ्टवेअरमध्ये नवी मुंबईचे 'व्हीएएनएम' हे चार अक्षरी संकेतनाम टाकून पाहिले असता असा विमानतळच नसल्याचे उत्तर मिळाले. खिडकीतून विमाने दिसत होती आणि संगणक विमानतळ नाकारीत होता. यात त्या सॉफ्टवेअरचा दोष नव्हता. त्यातील विदा विमानतळ सुरू होण्यापूर्वीची होती. नवी मुंबईतील अध्यापकांसाठी ही एक सोपी कसोटी ठरते. कोणतेही सॉफ्टवेअर घेण्यापूर्वी त्यात हे संकेतनाम टाकून पाहावे. विदा किती ताजी आहे, हे लगेच कळते.

२) सिम्युलेटरशी सुसंगती. आराखडा सॉफ्टवेअरमध्ये विमानतळ आहे, पण सिम्युलेटरमध्ये त्या जागी टेकडी किंवा खाजणच आहे, असे घडू शकते. दोन्हींची विदा जुळणे आवश्यक आहे. तसेच आराखड्याची फाइल सिम्युलेटरला वाचता आली पाहिजे. मायक्रोसॉफ्टचे सिम्युलेटर 'पीएलएन' प्रकारची, तर एक्स-प्लेन 'एफएमएस' प्रकारची फाइल वापरतो.

३) भूरूपाचे दर्शन. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या विमानतळासाठी हा निकष महत्त्वाचा आहे. मार्गाखालील जमिनीचा उभा छेद दाखविणारे सॉफ्टवेअर भूगोलाच्या अध्यापनास विशेष उपयुक्त ठरते.

४) इंधन व वारा यांचे गणित. सॉफ्टवेअरने केवळ उत्तर देऊ नये. उत्तर कसे आले तेही दाखवावे. मार्गासाठी, अनिश्चिततेसाठी, पर्यायी विमानतळासाठी व अखेरचा राखीव साठा म्हणून किती इंधन धरले, हे वेगवेगळे दिसले पाहिजे.

५) खर्च व संगणकाची क्षमता. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत वार्षिक वर्गणीची तरतूद करणे सहसा कठीण असते. म्हणून विनामूल्य साधनाने काय साधते व वर्गणी नेमकी कशासाठी द्यावी लागते, हे आधी समजून घ्यावे.

उपलब्ध पर्यायांचा विचार

'लिटल नॅव्हमॅप' हे विनामूल्य व मुक्तस्रोत सॉफ्टवेअर विंडोज, लिनक्स व मॅक या तिन्ही प्रणालींवर चालते. ते आपल्या संगणकावरील सिम्युलेटरचीच विदा वाचते. त्यामुळे सिम्युलेटरमध्ये जो विमानतळ आहे तोच नकाशावर दिसतो आणि दुसरा निकष आपोआप पूर्ण होतो. मार्गाखालील भूरूपाचा छेद, हवामानाचे अहवाल व विमानाची चालू स्थिती त्यात दिसते. छोट्या विमानांच्या व नजरेने दिशा ओळखून करावयाच्या उड्डाणांसाठी ते विशेष सोयीचे आहे. मात्र सिम्युलेटरची विदा जुनी असेल, तर त्याचे ज्ञानही जुनेच राहते.

'सिमब्रीफ' ही महाजालावर चालणारी सेवा आहे. ती २०२१ पासून नॅव्हिग्राफ या कंपनीकडे आहे. विमान कंपन्यांमधील प्रेषण विभाग वैमानिकाला जो सविस्तर उड्डाण-आराखडा देतो, त्याच धर्तीचा दस्तऐवज ती तयार करते. त्यात इंधनाची बाबवार विभागणी, वाऱ्याचा अंदाज व मार्गबिंदूंची यादी असते. मोठ्या प्रवासी विमानांसाठी ती उत्तम होय. मूळ सेवा विनामूल्य आहे. परंतु विनामूल्य खात्यावर जुन्या चक्राची विदा मिळते व चालू चक्रासाठी नॅव्हिग्राफची वर्गणी भरावी लागते. नव्या विमानतळाच्या बाबतीत हा फरक निर्णायक ठरू शकतो.

याखेरीज भारतीय विमानपत्तन प्राधिकरणाकडून प्रसिद्ध होणारे वैमानिकी माहिती प्रकाशन संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. त्यात विमानतळांचे अधिकृत नकाशे व कार्यपद्धती असतात. हे सॉफ्टवेअर नव्हे, परंतु सॉफ्टवेअरने दिलेली माहिती पडताळून पाहण्याचे ते सर्वांत विश्वसनीय साधन आहे. याउलट, सिम्युलेटरसाठी विकली जाणारी विदा प्रत्यक्ष उड्डाणासाठी वापरू नये, हेही विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविले पाहिजे.

उदाहरण : नवी मुंबई ते नागपूर

या दोन विमानतळांमधील सरळ अंतर सुमारे ३६० सागरी मैल भरते. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. सेसना १७२ हे चार आसनी विमान घेतले व त्याचा वेग १२० नॉट आणि इंधनाचा खप ताशी ३२ लिटर असा मानला, तर वारा नसताना ३ तास व ९६ लिटर इंधन लागेल. विद्यार्थी येथेच थांबतात आणि १०० लिटर इंधन पुरेसे असल्याचे सांगतात.

आता हिवाळ्यातील ईशान्येचा वारा विचारात घेऊ. समोरून २० नॉटचा वारा असल्यास जमिनीच्या सापेक्ष वेग १०० नॉट होतो. प्रवासास ३ तास ३६ मिनिटे व सुमारे ११५ लिटर इंधन लागते. १०० लिटरमध्ये विमान सुमारे ३१२ सागरी मैल जाईल, म्हणजे नागपूरच्या ४८ सागरी मैल अलीकडे, वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या आसपास इंधन संपेल. योग्य आराखड्यात ११५ लिटरवर ५ टक्के अनिश्चिततेचे ६ लिटर, पर्यायी विमानतळ म्हणून सुमारे ७६ सागरी मैलांवरील अमरावतीसाठी २४ लिटर, ४५ मिनिटांचा राखीव साठा म्हणून २४ लिटर आणि जमिनीवरील हालचालीसाठी ५ लिटर धरावे लागतील. एकूण १७४ लिटर होतात. या विमानाच्या टाक्यांत सुमारे २०० लिटर वापरण्याजोगे इंधन मावते, म्हणून उड्डाण शक्य आहे. ९६ व १७४ या दोन आकड्यांमधील अंतर हाच उड्डाण-आराखड्याचा धडा होय.

उंचीचाही विचार असाच करावा लागतो. उड्डाणानंतर थोड्याच वेळात माथेरानचे पठार व पुढे हरिश्चंद्रगडाचा परिसर येतो. सुरक्षिततेसाठी राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५,४०० फूट) आधारभूत मानले व त्यावर २,००० फूट ठेवले, तर किमान ७,४०० फूट उंची हवी. पूर्वेकडे जाताना, नजरेने केलेल्या उड्डाणास विषम हजार अधिक ५०० फूट अशी उंची घ्यावयाची असते. म्हणून ७,५०० फूट ही उंची निश्चित होते. परतीच्या, पश्चिमेकडील प्रवासात सम हजार अधिक ५०० फूट, म्हणजे ८,५०० फूट घ्यावी लागेल. समोरासमोर येणारी विमाने वेगवेगळ्या उंचीवर राहावीत, हा यामागील हेतू आहे.

सॉफ्टवेअर हे सर्व क्षणार्धात करते. तरीही विद्यार्थ्यांनी हे गणित एकदा कागदावर करावे आणि मगच सॉफ्टवेअरच्या उत्तराशी ताडून पाहावे, असे सुचवावेसे वाटते. दोन उत्तरांत फरक आढळल्यास तो का पडला, याचा शोध घेण्यातच खरे शिक्षण आहे.

इतिहासाची साक्ष

केवळ आराखडा असून भागत नाही. समोर दिसणारी धावपट्टी आराखड्यातीलच आहे, याची खात्री करावी लागते. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे डीसी-८ हे मोठे प्रवासी विमान सांताक्रूझऐवजी जवळच्याच जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरले व धावपट्टी ओलांडून पुढे गेले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. जुहूची मुख्य धावपट्टी ०८/२६ तर सांताक्रूझची ०९/२७ या क्रमांकाची आहे. धावपट्टीचा क्रमांक हा तिच्या चुंबकीय दिशेच्या अंशांचा दशमांश असतो. म्हणजे या दोन धावपट्ट्या जवळजवळ एकाच दिशेच्या आहेत. आता याच महानगराच्या परिसरात, साधारणतः पूर्व-पश्चिम दिशेची, ३,७०० मीटर लांबीची नवी मुंबईची धावपट्टी आली आहे. सिम्युलेटरवर या तिन्ही धावपट्ट्या आकाशातून पाहून ओळखणे, हा विद्यार्थ्यांसाठी उत्तम स्वाध्याय ठरेल.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतील.

१) प्रारंभी खर्च करण्याची आवश्यकता नाही. फ्लाइटगियर किंवा उपलब्ध असलेला सिम्युलेटर, लिटल नॅव्हमॅप आणि प्राधिकरणाचे विनामूल्य प्रकाशन यांवर पहिले वर्ष निभावते.

२) छोट्या विमानाच्या उड्डाणासाठी व भूगोलाच्या अध्यापनासाठी लिटल नॅव्हमॅप, तर प्रवासी विमानांच्या इंधन-गणितासाठी सिमब्रीफ अधिक उपयुक्त आहे. दोन्ही एकमेकांस पूरक आहेत.

३) वर्गणी भरण्याचा निर्णय चालू विद्याची खरोखर गरज भासल्यावरच घ्यावा. 'व्हीएएनएम' हे संकेतनाम ही त्याची स्थानिक कसोटी होय.

४) सॉफ्टवेअरचे उत्तर हे पडताळणीचा विषय आहे, अंतिम सत्य नव्हे.

विमानतळासाठी ज्या गावांनी जमीन दिली, त्या गावांतील सर्वच मुले वैमानिक होणार नाहीत. परंतु आपल्या घरावरून जाणारे विमान किती इंधन घेऊन निघाले असेल, ते त्या उंचीवरूनच का जाते आणि पावसामुळे उतरता आले नाही तर ते कोठे जाईल, हे त्यांना स्वतः मांडून दाखविता आले, तर त्या विमानतळाशी त्यांचे नाते केवळ मोबदल्यापुरते उरणार नाही. एका जुन्या संगणकावर व विनामूल्य सॉफ्टवेअरच्या साहाय्याने हे साध्य होण्यासारखे आहे. त्यासाठी विविध विषयांच्या अध्यापकांनी एकत्र येण्याची गरज आहे.