देव आधी माणूस होता? मॉर्मन लोक नेमकं काय मानतात?

७ एप्रिल १८४४. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातलं नॉवू गाव. विहिरीचं काम करताना दगड पडून दगावलेल्या किंग फॉलेट या अनुयायाच्या आठवणीत जोसेफ स्मिथ बोलायला उभे राहिले. त्यांनी हजारो लोकांसमोर सांगितलं की, देवसुद्धा एकेकाळी आपल्यासारखाच माणूस होता. तेव्हापासूनचा वाद अजून मिटलेला नाही.

मॉर्मन म्हणजे कोण?

स्मिथ यांनी १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात हे चर्च स्थापन केलं. आज त्याचं मुख्यालय युटामधल्या सॉल्ट लेक सिटीत आहे. हे लोक बायबलसोबत 'बुक ऑफ मॉर्मन'ही पवित्र मानतात, म्हणून त्यांना मॉर्मन म्हणतात.

मग वेगळं काय?

बहुतेक ख्रिश्चनांसाठी देव अनादि आणि निराकार आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून तो एकच. मॉर्मन लोकांच्या मते मात्र हे तिघं वेगवेगळे आहेत, फक्त त्यांचा हेतू एक आहे. पित्याला हाडामांसाचं शरीर आहे. स्वर्गात पित्यासोबत माताही आहे आणि आपण सगळे त्यांची लेकरं आहोत. लेकरू मोठं होऊन आईवडिलांसारखं होतं, तसाच माणूसही देवासारखा होऊ शकतो, हा या श्रद्धेचा गाभा.

मग देवाचा देव कोण?

स्मिथ यांनी पित्यालाही पिता असल्याचं सुचवलं होतं. पण त्यांचं ते भाषण धर्मग्रंथात घेतलेलं नाही. १९९७ मध्ये चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष गॉर्डन हिंकली यांना मुलाखतीत देवाच्या भूतकाळाबद्दल विचारलं, तर त्यांनी याबद्दल आपल्याला फारसं माहीत नाही असं उत्तर दिलं. माणूस देवासारखा होऊ शकतो, हे मात्र चर्च आजही ठामपणे शिकवतं. 'मेल्यावर प्रत्येक मॉर्मनला स्वतःचा ग्रह मिळतो' हे मीम तुम्ही पाहिलं असेल. चर्चच्या मते ही शिकवण नाही, तिची थट्टा आहे.

याने फरक काय पडतो?

मॉर्मन स्वतःला ख्रिश्चनच म्हणवतात. पण २००१ मध्ये व्हॅटिकनने त्यांचा बाप्तिस्मा अवैध ठरवला. शब्द तेच असले तरी त्यामागची देवाची कल्पना वेगळी आहे, हे त्याचं मुख्य कारण. त्यामुळे एखाद्या मॉर्मनला कॅथलिक व्हायचं असेल, तर त्याला पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागतो. 'देव कसा आहे?' या प्रश्नाचं उत्तर बदललं की 'आपला कोण?' याचंही उत्तर बदलतं, ते असं.