इंजिन बोलेना? आधी टाकीचं झाकण बघा

घरी फवारणीचा पेट्रोल पंप असेल तर हा सीन तुमच्या ओळखीचा आहे. सोयाबीन वितीभर झालं की कोठ्यातला पंप बाहेर निघतो. दोरी ओढा. फुर्र. पुन्हा ओढा. फुर्र. दहाव्या वेळी खांदा भरून येतो, बाबा धुऱ्यावरून ओरडतात, "चोक बघ रे!" आणि शेवटी पंप गाडीवर टाकून मिस्त्रीकडे. एक दिवस वाया जातो, बाकी काही नाही.

आता हाच सीन पुराच्या पाण्यात आणून बघा. २०२३ च्या जुलैमध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतल्या गावांना पाण्याने वेढलं, ते आपल्यापैकी बऱ्याच जणांनी मोबाइलवर पाहिलं, काहींनी दारातून. अशा वेळी जी रबरी बोट येते, तिच्या मागे लटकलेलं इंजिन म्हणजे आउटबोर्ड मोटर. शोध व बचाव पथकातले लोक तिला नुसतं 'ओबीएम' म्हणतात. यातली बरीच इंजिनं टू-स्ट्रोक असतात, म्हणजे तुमच्या फवारणी पंपाचा थोरला भाऊ. आणि थोरला भाऊही धाकट्यासारखाच रुसतो.

टू-स्ट्रोकच का? वजन. १५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन साधारण ३६ किलोचं असतं, तेवढ्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक पन्नासच्या आसपास जातं. चिखलातून, बांधावरून दोघांनी उचलून न्यायचं म्हटल्यावर हा फरक मोठा आहे. शिवाय व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, ऑइलचा वेगळा चेंबर नाही. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं आणि तेच मिश्रण इंजिनच्या पोटातून जाताना बेअरिंगला, पिस्टनला वंगण देतं. लूनाचीही हीच गोष्ट. (आउटबोर्ड लोकप्रिय करणारा ओल एव्हिनरूड हा अमेरिकेतल्या मिलवॉकीचा. तळ्यापलीकडून आइस्क्रीम आणायला वल्ही मारून दमला म्हणून त्याला ही कल्पना सुचली, असं सांगतात. खरं-खोटं तो जाणे, पण कारण पटण्यासारखं आहे.)

या साधेपणातच एक गोम आहे. टू-स्ट्रोकला पेट्रोल कमी पोचलं तर फक्त ताकद कमी होत नाही, ऑइलही कमी पोचतं. म्हणजे मिसिंग मारणाऱ्या, पिकअप न घेणाऱ्या इंजिनाला नुसती रेस देत राहिलात तर पिस्टन कोरडा घासतो, तापतो आणि सिलिंडरमध्ये जाम होतो. मग भर पाण्यात तुमच्या हातात फक्त वल्ही.

म्हणून इंजिन नीट चालत नसेल तर आधी थांबायचं. आणि पाना उचलायच्या आधी फुकटात तपासता येतात त्या गोष्टी तपासायच्या. आउटबोर्डला लाल रंगाची एक क्लिप आणि दोरी असते, ती चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधतात. माणूस पाण्यात पडला की क्लिप निघते आणि इंजिन बंद. ही क्लिप बसवलेली नसेल तर तुम्ही संध्याकाळपर्यंत दोरी ओढा, काही होणार नाही. गिअर न्यूट्रलला आहे का? बहुतेक इंजिनं गिअरमध्ये सुरूच होत नाहीत. आणि मग टाकीचं झाकण. त्यावर हवेसाठी एक छोटा स्क्रू असतो. नेताना पेट्रोल सांडू नये म्हणून तो बंद करतात आणि उघडायचा विसरतात. इंजिन मस्त सुरू होतं, दोन-चार मिनिटं चालतं आणि मान टाकतं. कारण टाकीत हवा शिरत नाही, त्यामुळे पेट्रोल बाहेर येत नाही. स्ट्रॉचं वरचं तोंड बोटाने दाबलं की उसाचा रस खाली पडत नाही, तसंच. सुरू होऊन मरणारं इंजिन दिसलं की मी तरी पहिला हात झाकणाकडे नेईन.

टाकी आणि इंजिनाच्या मधल्या नळीवर एक रबरी फुगा असतो. तो दाबून पेट्रोल पुढे ढकलायचं, घट्ट होईपर्यंत. कितीही दाबला तरी मऊच राहत असेल तर नळी कुठेतरी हवा ओढतेय किंवा जोड नीट बसलेला नाही. याच फुग्याची एक युक्ती लक्षात ठेवा. चालू इंजिन मरायला लागलं की फुगा दाबायचा. दाबल्यावर सावरलं, तर दोष पेट्रोल पोचण्यात आहे : फिल्टर, नळी किंवा इंजिनावरचा पेट्रोल पंप. चोकचंही तसंच. गरम इंजिनाला अर्धा चोक दिल्यावर ते उलट चांगलं पळत असेल, तर त्याला पेट्रोल कमी पडतंय, म्हणजे बहुधा कार्बोरेटरचा जेट चोंदलाय. रेस केल्यावर ठीक पण सावकाश चालवताना बंद पडतं, तर सावकाश चालीचा बारीक जेट. उलट असेल तर मोठा जेट.

जेट चोंदतो कशाने? आपल्याकडे या बोटी पावसाळा संपला की गोदामात जातात आणि मे महिन्यात रंगीत तालमीला बाहेर येतात. सात-आठ महिने कार्बोरेटरमध्ये राहिलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागे डिंकासारखा चिकट थर राहतो. त्यात आता पंपावर मिळतं ते ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसतं, आणि नळी पेट्रोल ओढते ती तळातूनच. गंमत म्हणजे ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. तर इंजिनाला मिळतं काय? पाणी आणि इथेनॉल, तेही बिनऑइलचं. पारखायला प्रयोगशाळा नको. टाकीच्या तळातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा, थोडा वेळ शांत ठेवा. दोन थर दिसले तर ते इंजिनात घालायचं नाही.

ऑइलच्या प्रमाणाबद्दल घरोघरी एक गैरसमज आहे : जरा ज्यादा घातलेलं बरं. नाही. बऱ्याच आउटबोर्डना ५०:१ लागतं, म्हणजे लिटरला २० मिली. फवारणी पंपाला अनेकदा २५:१ सांगितलेलं असतं, म्हणजे ४० मिली. पंपाचा कॅन उचलून बोटीत ओतला की प्लग काळा-ओला होतो, धूर निघतो. ऑइलची जातही वेगळी. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं ऑइल येतं. डब्यावर वाचून घ्या.

आता प्लग. काढा आणि नुसता बघा. कोरडा खट्ट असेल तर पेट्रोल येत नाही, मागे जा. ओला असेल तर पेट्रोल येतंय पण पेटत नाही : करंट नाही किंवा चोक देऊन देऊन इंजिन ओव्हरफ्लो झालंय. पुसून, वाळवून, चोक बंद करून पुन्हा बघा. इंजिन दोन सिलिंडरचं असेल तर दोन्ही प्लग शेजारी ठेवा. एक चॉकलेटी आणि दुसरा काळा-ओला निघाला, तर गडी एका पायावर लंगडतोय. नवा प्लग लावूनही तसंच राहिलं तर कॉइल किंवा कॉम्प्रेशन. तिथे मात्र मिस्त्रीच बरा. करंटची ठिणगी बघायची असेल तर सांडलेलं पेट्रोल आधी पुसा आणि प्लग त्याच्या भोकापासून लांब धरा. पेट्रोलच्या वाफा विनोद समजत नाहीत.

कधी इंजिन झकास ओरडतं पण बोट हलत नाही. मग दोष पाण्याखाली. पुराच्या पाण्यात पऱ्हाट्या, ठिबकच्या नळ्या, पिशव्या, जाळं, काय वाट्टेल ते वाहत येतं आणि पंख्यात गुंततं. इंजिन बंद करा, क्लिप काढा, मगच हात घाला. पंख्यात काही नसेल तर त्याची पिन तुटली असेल. दगडावर आपटल्यावर आतले गिअर वाचावेत म्हणून ती मुद्दाम कमजोर ठेवलेली असते. मोठ्या इंजिनात पिनेऐवजी रबरी बूश घसरतो.

आणि इंजिनाच्या मागून पाण्याची बारीक धार पडते ती सारखी बघत राहायची. धार म्हणजे इंजिनाला थंड पाणी मिळतंय. पिशवीने जाळी बंद झाली, धार थांबली, की इंजिन बंद. म्हणूनच हे इंजिन कोरडं सुरू करून बघायचं नसतं, पाणी फेकणारा आतला रबरी पंखा काही क्षणांत खराब होतो. घरामागचा दोनशे लिटरचा निळा ड्रम इथे कामाला येतो. ड्रमला भक्कम फळी बांधा, इंजिन त्यावर टांगा, जाळी बुडेल इतकं पाणी भरा, गिअर न्यूट्रल. हंगाम संपल्यावर याच ड्रममध्ये पेट्रोलची नळी काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो. मग प्लग काढून भोकात थोडं ऑइल, दोन-तीनदा दोरी ओढायची आणि इंजिन उभंच ठेवायचं.

खडकपूर्णा असो, नळगंगा असो की पुरातली पूर्णा, बोटीत लाइफ जॅकेट घालूनच बसायचं, आणि शिकायला पथकातला माणूस सोबत हवा. एनएसएसवाल्यांनी, आयटीआयवाल्यांनी मे महिन्यातल्या रंगीत तालमीला जाऊन बघायला हरकत नाही. तिथे गेलात तर इंजिनासोबतची पिशवी उघडायला सांगा. नवे प्लग, प्लगचा पाना, पक्कड, पंख्याची जादा पिन आणि हातभर सुटी दोरी. सुरू करायची दोरी आतून तुटली, तर वरचं झाकण काढून चाकाला हीच दोरी गुंडाळून ओढतात.