कण्हेर : ओळख, लागवड आणि सावधगिरी

उत्तरेस सातपुडा व दक्षिणेस तापी यांच्यामध्ये वसलेल्या शिरपूर तालुक्यात कडक उन्हाळा सोसून वर्षभर हिरवी राहणारी व फुलणारी झुडपे थोडीच आहेत. कण्हेर हे त्यांतील एक प्रमुख झुडूप होय. ती कडू असल्यामुळे गुरे व शेळ्या सहसा तिला तोंड लावीत नाहीत. म्हणूनच कुंपणासाठी तिला पसंती मिळते. चौपदरी महामार्गांच्या दुभाजकांवरही ती याच कारणास्तव लावतात. शिवाय समोरून येणाऱ्या वाहनांच्या दिव्यांची तिरीप तिच्यामुळे अडते. परंतु ज्या गुणामुळे ती राखली जाते, तोच तिचा मोठा दोषही आहे. कण्हेरीचे पान, फूल, साल, मूळ व बी हे सर्व भाग विषारी आहेत. यासाठी लागवडीपूर्वी तिची नीट ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

ओळख

आपल्याकडे ‘कण्हेर’ या एकाच नावाने दोन निरनिराळी झाडे ओळखली जातात.

पांढरी, गुलाबी वा तांबडी फुले येणारी ती खरी कण्हेर. तिच्या एकेका पेरावर बहुधा तीन पाने असतात. पान जाड, चिवट, १० ते २० सेंटिमीटर लांब व दोन्ही टोकांस निमुळते असते. मधल्या शिरेपासून निघालेल्या बारीक शिरा एकमेकींस समांतर व अगदी जवळजवळ असतात. फुलाच्या घशाशी झालरीसारखी रचना दिसते. शेंगा लांब व बारीक असून बियांना केसांचा झुबका असतो.

पिवळी कण्हेर, म्हणजेच बिट्टी, हे मूळचे उष्ण कटिबंधातील अमेरिकेचे झाड आहे. तिची पाने अरुंद, चकचकीत असून फांदीवर एकाआड एक येतात. पान तोडताच दुधासारखा पांढरा चीक येतो. फूल पिवळे व नरसाळ्याच्या आकाराचे असते. फळ हिरवे, काहीसे तिकोनी असून पिकल्यावर काळे पडते. या फळांशी मुले खेळतात. मात्र आतील बी अत्यंत विषारी असते. शाळा व अंगणवाडीच्या आवारात बिट्टी मुळीच लावू नये.

लागवड

खरी कण्हेर छाट कलमांपासून सहज होते. पावसाळ्याच्या आरंभी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या पक्व फांदीचे १५ ते २० सेंटिमीटर लांबीचे तुकडे घ्यावेत. खालची पाने काढून निम्मा तुकडा ओलसर मातीत पुरावा. साधारणतः महिनाभरात मुळे फुटतात. कुंपणासाठी दोन रोपांत सुमारे एक मीटर अंतर ठेवावे. हलकी, मुरमाड वा थोडी खारवट जमीनही चालते. भारी काळ्या जमिनीत मात्र पाणी साचू देऊ नये. पहिला उन्हाळा पार पडेपर्यंत पाणी द्यावे, पुढे फारशी गरज भासत नाही. फुले नव्या शेंड्यांवर येतात. म्हणून बहर ओसरल्यावर छाटणी करावी.

कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा दिसतो. तो कण्हेर, रुई या वर्गातील झाडांवर राहणारा असून कपाशीवरील मावा नव्हे. त्यामुळे कपाशीच्या काळजीपोटी त्यावर फवारणी करण्याचे कारण नाही.

जागेची निवड

शिरपूर तालुक्यात २००४ पासून नाले खोल करून त्यांवर सिमेंटचे बंधारे बांधण्याचे मोठे काम झाले. अशा साठ्यांवर गुरे पाणी पितात. पाने पडून कुजलेले पाणीही अपायकारक असल्यामुळे बंधारा, हौद, गोठा व चाऱ्याची गंजी यांच्याजवळ कण्हेर लावू नये.

छाटणीनंतरची दक्षता

खरा धोका उभ्या झाडापेक्षा छाटलेल्या फांद्यांपासून अधिक असतो. पान वाळल्यावरही विष नष्ट होत नाही, आणि वाळलेले पान चाऱ्यात मिसळले की जनावर ते निवडू शकत नाही. मोठ्या जनावरास १० ते २० पानेही प्राणघातक ठरू शकतात. यास्तव छाटलेल्या फांद्या बांधावर टाकू नयेत. खोल खड्ड्यात पुराव्यात. धूरही अपायकारक असल्याने त्या चुलीत जाळू नयेत. काम झाल्यावर हात स्वच्छ धुवावेत.

विषबाधा झाल्यास

हे विष हृदयावर परिणाम करते. जनावर सुस्त होते, लाळ गाळते, हगवण लागते, नाडी अनियमित होते. कधी ते एकाएकी दगावते. अशा जनावरास चालवू नये. संशयित चारा ताबडतोब बाजूस काढून १९६२ या क्रमांकावर पशुवैद्यकीय मदत मागावी. माणसाच्या पोटात कोणताही भाग गेल्यास घरगुती उपाय करण्यात अथवा ओकारी काढण्यात वेळ न दवडता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी व झाडाची डहाळी सोबत न्यावी. कण्हेरीचे मूळ वा काढा औषध म्हणून घरी कधीही देऊ नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी छाटणीच्या हंगामापूर्वी ही माहिती गुराख्यांपर्यंत व शाळेतील मुलांपर्यंत पोहोचवावी. ओळख पक्की असेल व जागा योग्य निवडली असेल, तर कमी पाण्यात टिकणारे हे कुंपण शेतकऱ्यास उपयोगीच पडेल.