चुन्याने भाजलेला डोळा
(दृष्टी आणि तिचे रक्षण : लेखांक सहावा)

गेल्या लेखांकात स्वच्छमंडलाच्या पारदर्शकतेचा विचार करताना आपण असे पाहिले की, बाहुलीसमोरचा हा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा पडदा आरपार दिसतो तो मुख्यतः दोन कारणांनी : त्यातील कोलॅजनचे तंतू विलक्षण नियमित अंतराने रचलेले असतात, आणि त्यात एकही रक्तवाहिनी नसते. रक्तवाहिन्या नसल्यामुळे इतर ऊतकांना जो प्राणवायू रक्तातून घरपोच मिळतो, तो स्वच्छमंडलाच्या पृष्ठभागास अश्रूंच्या पातळ थरात विरघळलेल्या हवेतून घ्यावा लागतो. आणि ज्या वाटेने प्राणवायू येतो त्याच वाटेने दिवसभर सूर्यप्रकाश, व त्याच्याबरोबर जंबुपार किरणही, आत येत असतात. प्रकाश आणि प्राणवायू यांचा असा अखंड सहवास जिथे आहे, तिथे सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि त्या सर्वांत दाहक असा हायड्रॉक्सिल मूलक ही प्राणवायूची अस्थिर रूपे निर्माण झाल्यावाचून राहत नाहीत. पेशींच्या आवरणातील मेद, त्यांची प्रथिने, त्यांच्या केंद्रकातील डीएनए, जे हाती लागेल त्याच्याशी ती संयोग पावतात; आणि त्यांच्या उत्पत्तीच्या मानाने त्यांचा निपटारा करण्याची शक्ती अपुरी पडू लागली, म्हणजे त्या अवस्थेस ऑक्सिडीकरणाचा ताण असे म्हणतात. वेल्डिंगच्या ज्योतीकडे उघड्या डोळ्यांनी पाहिलेल्या कामगाराला त्या वेळी काहीच जाणवत नाही, पण सहा ते बारा तासांनी, बहुधा ऐन मध्यरात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखी असह्य वेदना सुरू होते. जंबुपार किरणांनी जखमी झालेल्या वरच्या थरातील पेशी तोवर मरून गळू लागलेल्या असतात.

या संकटाचा बंदोबस्त निसर्गाने कसून केलेला आहे. सुपरऑक्साइड डिसम्यूटेज, कॅटॅलेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही विकरे तर बहुतेक सर्व पेशींत असतात. डोळ्याचे वैशिष्ट्य त्याच्या क जीवनसत्त्वाच्या साठ्यात आहे. स्वच्छमंडलाच्या पाठीमागे जो जलीय द्रव खेळत असतो, त्यात या जीवनसत्त्वाचे प्रमाण रक्तद्रवाच्या सुमारे वीसपट असते, आणि स्वच्छमंडलाच्या बाह्य थरातील पेशींत ते त्याहूनही अधिक आढळते. हा साठा आपोआप झिरपून जमत नाही. बुबुळाच्या मागे दडलेल्या रोमक पिंडातील पेशी ऊर्जा खर्च करून रक्तातून तो ओढून आणतात. दिवसा वावरणाऱ्या प्राण्यांत हे प्रमाण मोठे, तर रात्री हिंडणाऱ्या उंदरासारख्या प्राण्यांत ते अत्यल्प असते, या एका निरीक्षणावरून त्या साठ्याचे प्रकाशाशी असलेले नाते उघड होते.

मात्र एवढ्यावरून प्राणवायूची ही रूपे निव्वळ शत्रुपक्षाची ठरवणे, आणि जाहिरातींतून चालते त्याप्रमाणे त्यांचा समूळ नायनाट करण्याची भाषा बोलणे, हे मला शास्त्राला सोडून वाटते. 2009 साली फिलिप नीटहॅमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झेब्रामाशाच्या पिल्लांच्या शेपटीचा पर जरासा कापून असे दाखवले की, काही मिनिटांतच जखमेच्या काठच्या पेशी हायड्रोजन पेरॉक्साइड सोडू लागतात, तो आतल्या ऊतकात पसरतो, आणि त्याचा माग काढीत श्वेतपेशी जखमेकडे येतात. स्वच्छमंडलाच्या पेशींतही हे द्रव्य अल्प प्रमाणात असले म्हणजे त्यांना सरकण्यास व जखम झाकण्यास उत्तेजन देते, आणि तेच अधिक झाले म्हणजे त्यांना मारते. म्हणजे हा सारा मामला मात्रेचा आहे.

उसाच्या पात्याचा निसटता ओरखडा डोळ्याला लागला, तर पुढे काय घडते ते पाहण्यासारखे आहे. काठावरच्या पेशी प्रथम विभाजन थांबवतात, आपली खालच्या पटलाशी असलेली पकड सैल करतात, चपट्या होतात आणि एकमेकींचा हात न सोडता उघड्या जागेवर सरकू लागतात. त्यांचा वेग ताशी सुमारे 60 ते 80 मायक्रॉन, म्हणजे तीनएक मिलिमीटर रुंदीची साधी जखम एका दिवसात झाकली जाते. विभाजन होऊन थराची जाडी पूर्ववत होते ती त्यानंतर, आणि खालच्या पटलाशी पकड घट्ट व्हावयास आणखी कित्येक आठवडे जातात. तेवढ्या अवधीत त्या पात्यावरील बुरशी आत शिरली नाही, तर मागे खूणही राहत नाही. जखम खोल, मधल्या जाड थरापर्यंत गेली, तर मात्र तेथील पेशींचे रूप पालटते, त्या घाईघाईने अनियमित कोलॅजन विणतात, आणि ज्याला आपण डोळ्यात फूल पडणे म्हणतो ते पडते.

आता चुन्याकडे वळू, कारण या विषयातील सर्वांत दारुण आणि आपल्या घरांशी सर्वांत निगडित असे प्रकरण तेच आहे. तंबाखूबरोबर खाण्याचा चुना आज लहान प्लॅस्टिकच्या पुडीतून व नळीतून मिळतो. मूल ती खेळण्यासारखी दाबते, ती फुटते, आणि निवळीचा सामू बाराच्या वर असलेला तो लगदा थेट डोळ्यात उडतो. चुन्यासारखा अल्क पेशींच्या आवरणातील मेदाचा साबण करून टाकतो, आणि आम्लाप्रमाणे पृष्ठभागाशी न अडखळता आत उतरतो. चुन्याचे कण तर वरच्या पापणीच्या आत दडून बसतात व तेथून तासन् तास विष पुरवीत राहतात. म्हणून अशा वेळी दवाखान्याकडे रवाना होण्यापूर्वी, जागच्या जागी, जे स्वच्छ पाणी हाताशी असेल त्याच्या धारेने, पापण्या उघड्या धरून, किमान अर्धा तास डोळा धुतला पाहिजे. लिंबाचा रस, तूप, दूध यांपैकी काहीही घालता कामा नये. पहिल्या काही मिनिटांतील या पाण्याने जेवढी दृष्टी वाचते, तेवढी पुढच्या कोणत्याही औषधाने वाचत नाही, हे आईबापांनी मनावर कोरून घ्यावे.

अल्क आत उतरून रोमक पिंडापर्यंत पोहोचला म्हणजे काय होते, याचा छडा अमेरिकेत रॉसवेल फिस्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला. अल्काने भाजलेल्या सशांच्या डोळ्यांतील जलीय द्रव तपासता त्यातील क जीवनसत्त्व अगदी घटलेले दिसले. ससा हा प्राणी आपल्या यकृतात हे जीवनसत्त्व स्वतः तयार करतो. त्याला आहारातून ते मिळाले नाही तरी चालते. म्हणजे रक्तात पुरेसे जीवनसत्त्व आणि डोळ्यात मात्र दुष्काळ, अशी ही अवस्था, कारण ते ओढून आणणाऱ्या पेशीच निकामी झालेल्या. आणि हा दुष्काळ नेमका अशा वेळी पडतो, जेव्हा जखमेत शिरलेल्या श्वेतपेशी प्राणवायूची दाहक रूपे भरमसाट सोडीत असतात व त्यांना निष्प्रभ करणाऱ्या द्रव्याची निकड सर्वाधिक असते. शिवाय कोलॅजनचा तंतू मजबूत व्हावयास त्यातील प्रोलीन या घटकावर जी क्रिया व्हावी लागते, तिलाही हेच जीवनसत्त्व लागते. अठराव्या शतकात इंग्रज नौसेनानी ॲन्सनच्या सफरीवरील, क जीवनसत्त्वाच्या अभावी होणाऱ्या स्कर्व्हीने ग्रासलेल्या खलाशांपैकी एकाचे पन्नास वर्षांपूर्वी भरलेले व्रण पुन्हा उकलले, असे त्या सफरीच्या वृत्तांतात नमूद आहे. भाजलेल्या डोळ्यात तसाच स्कर्व्ही, पण एका अवयवापुरता, उद्भवतो. 1976 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, भाजल्यानंतर लगेच बाहेरून क जीवनसत्त्व पुरवलेल्या सशांच्या स्वच्छमंडलास व्रण पडण्याचे व छिद्र होण्याचे प्रमाण पुष्कळ घटले. एकदा व्रण पडल्यावर मात्र त्याचा उपयोग होत नाही. तेव्हा सायट्रेटचा उपयोग होतो, कारण ते कॅल्शियम बांधून ठेवून श्वेतपेशींचा उपद्रव आवरते. आज अशा रुग्णास ही दोन्ही औषधे देण्याचा प्रघात पडला आहे, त्यामागे ही हकीकत आहे.

चुन्याने दोन्ही डोळे गमावलेल्या एका मजुरावरच 7 डिसेंबर 1905 रोजी, तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीतील ओलोमोउत्स येथे, एडुआर्ट त्सिर्म यांनी स्वच्छमंडलाचे पहिले यशस्वी मानवी रोपण केले. त्याच्या एका डोळ्यातील रोपण पारदर्शक राहिले आणि तो पुन्हा कामाला जाऊ लागला. पण तीव्र दाहानंतर असे यश सहसा येत नाही, आणि ते का येत नाही याचा उलगडा व्हावयास आणखी पाऊण शतक लागले. स्वच्छमंडल आणि डोळ्याचा पांढरा भाग यांच्या सरहद्दीवरील अरुंद पट्ट्यात ज्या मूलपेशी असतात, त्यांच्यातून बाह्य थर जन्मभर नवा होत राहतो. तो पट्टाच जळाला असेल, तर वर बसवलेले निरोगी स्वच्छमंडलही काही काळाने गढूळ होते व त्यावर रक्तवाहिन्या पसरतात. 1989 मध्ये केन्यन आणि त्सेंग यांनी रुग्णाच्या चांगल्या डोळ्याच्या सरहद्दीचा तुकडा काढून तो भाजलेल्या डोळ्यावर बसवण्याचे यशस्वी प्रयोग प्रसिद्ध केले, आणि 2012 मध्ये हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील वीरेंद्र सांगवान व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याहूनही लहान तुकडा घेऊन, त्याचे बारीक कण करून, गर्भवेष्टनाच्या पातळ पडद्यावर ते पेरण्याची रीत सांगितली. ती रीत महाग प्रयोगशाळेवाचून साधते, म्हणून आपल्या देशात तिचे मोल विशेष आहे; तिचे सविस्तर वर्णन पुढील लेखांकात करू.