दशपर्णीनं तेल्या जातो का?

इंदापूर, बारामतीकडे डाळिंबावरच्या तेल्या या जिवाणूजन्य रोगाचा विषय निघाला की कुणीतरी दशपर्णी अर्क सुचवतंच. कडुलिंब, करंज, निरगुडी, रुई, सीताफळ असा पाला शेण-गोमूत्रात महिनाभर कुजवायचा, गाळून फवारायचा. वर पुस्ती जोडली जाते, ‘हे प्रयोगशाळेत सिद्ध झालंय.’

सिद्ध काय झालेलं असतं? जिवाणू पसरलेल्या अगारच्या थाळीत भोक पाडून पाल्याचा अर्क ओततात. भोवती जिवाणू वाढले नाहीत तर स्वच्छ वर्तुळ दिसतं. पण वर्तुळ मोठं म्हणून अर्क जालीम, असं नाही. अर्क अगारमध्ये किती सहज पसरतो यावरही आकार ठरतो. त्यामुळे वाढ रोखणारी किमान मात्रा वेगळी काढतात. तिथं कच्च्या अर्काचा हिशोब बहुधा मिलिग्रॅममध्ये होतो, प्रतिजैविकाचा मायक्रोग्रॅममध्ये.

शिवाय जिवाणू कोणता? पाल्याच्या अर्कांना गळवातल्या स्टॅफिलोकोकससारखे ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणू तुलनेनं लवकर दाद देतात. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंना बाहेरून आणखी एक पटल असतं, ते बरीच रसायनं अडवतं. तेल्याचा झँथोमोनास नेमका याच गटातला. तो पानाफळाच्या आत शिरून बसतो, हे आणखी वेगळं.

कडुलिंबाचं म्हणाल तर निंबोळी अर्काची खरी ताकद ॲझाडिरॅक्टिनची. तो किडीचं खाणं आणि कात टाकणं बिघडवतो. तेल्या हा किडीचा रोगच नव्हे. ॲझाडिरॅक्टिन पानांपेक्षा बियांत जास्त असतो आणि उन्हात लवकर विघटतो, म्हणून फवारणी संध्याकाळी.

उकळला की अर्क कडक होतो, हेही सरसकट खरं नाही. चीनच्या तू यूयू यांना हिवतापावरचं आर्टेमिसिनिन मिळालं ते उकळणं सोडून कमी तापमानाला ईथर वापरल्यावर. २०१५ चं नोबेल त्याच कामाचं.

आणि वनस्पतीचं म्हणजे निर्धोक? दशपर्णीच्या काही याद्यांत कण्हेर असते, जिचं विष थेट हृदयावर जातं. रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. हातमोजे, चष्मा हवाच.

तेल्या पसरतो तो पावसाच्या शिंतोड्यांनी, छाटणीच्या कात्रीनं आणि रोगट रोपांनी. म्हणून मृग बहारात, फळं ऐन पावसात वाढताना, धोका मोठा; हस्त बहारात कमी. कात्री झाडागणिक निर्जंतुक करणं, रोगट फळं-फांद्या बागेबाहेर नेऊन जाळणं आणि बोर्डो मिश्रण ही कामं दशपर्णीचा ड्रम भरलेला असला तरी करावीच लागतात.