एक लाख तासांमागे किती?

२०१२ साली अमेरिकी मरीन कोअरची ऑस्प्रे विमानं ओकिनावातल्या फुतेन्मा तळावर यायची होती. गिनोवान शहराच्या ऐन वस्तीतला हा तळ, लोक खवळले. त्यांची समजूत काढायला जपान सरकारने एक आकडा पुढे केला : १.९३. एक लाख उड्डाणतासांमागे ‘ए’ वर्गाचे, म्हणजे सर्वांत गंभीर, अपघात इतके. मरीन कोअरच्या सगळ्या विमानांची सरासरी २.४५. मग भिण्याचं कारण काय?

आकडा खोटा नव्हता, पण फार किरकोळ पायावर उभा होता. तोवरचे तास लाखाच्या जेमतेम वर, म्हणजे मोजलेले अपघात दोन. तिसरा झाला असता तर दर त्याच दिवशी सरासरीच्या पुढे गेला असता. विशेष मोहिमांसाठी जवळपास हेच विमान वापरणाऱ्या हवाई दलाचा त्या वेळचा दर होता १३.४७. आणि २००० सालापर्यंत चाचण्या व सरावात गेलेले ३० जीव १.९३ च्या हिशेबात नव्हतेच. ‘ए’ वर्गाची व्याख्याही सरकती : माणूस दगावला नाही आणि विमान वाचलं, तर नुकसान किती डॉलरचं हे पाहायचं. ती मर्यादा १० लाखांची २० लाख झाली, पुढे २५ लाख.

म्हणून मला दरापेक्षा अपघाताची जात महत्त्वाची वाटते. चूक कोणत्याही विमानात झाली असती अशी होती, की याच यंत्राची? ऑस्प्रेच्या पंखांच्या दोन टोकांना दोन इंजिनं. ती उभी केली की हेलिकॉप्टर, आडवी केली की विमान. एक बंद पडलं तर दुसऱ्याने दोन्ही पाती फिरवावीत म्हणून पंखातून दांडा नेलेला. सारी हुशारी इथेच, आणि दुखणंही बरंचसं इथलंच.

८ एप्रिल २००० ची रात्र, ॲरिझोनातलं माराना. वेग मंद असताना मिनिटाला ८०० फुटांहून जलद उतरायचं नाही, असा दंडक. विमान २,००० हून अधिक वेगाने खाली येत होतं. अशा वेळी पाती आपणच ढकललेल्या हवेच्या भोवऱ्यात सापडतात. हे हेलिकॉप्टरचंही होतं, पण इथे पाती शेजारी-शेजारी : एका बाजूची उचल आधी गेली आणि विमान उलटलं. १९ मरीन ठार. ठपका वैमानिकांवर आला. खासदार वॉल्टर जोन्स यांनी वर्षानुवर्षं पिच्छा पुरवला, तेव्हा कुठे २०१६ मध्ये उपसंरक्षणमंत्री रॉबर्ट वर्क यांनी तो ठपका आपल्याला मान्य नसल्याचं लिहून दिलं. कुटुंबांनी तोवर सोळा वर्षं काढली होती.

जून २०२२, कॅलिफोर्नियातलं ग्लॅमिस : इंजिनाची ताकद पात्यांकडे पोचवणारा क्लच निसटून झटक्याने पुन्हा धरला, पाच ठार. चौकशीत ना वैमानिकांची चूक निघाली, ना मेकॅनिकांची. क्लचचं हे दुखणं २०१० पासून ठाऊक होतं; ८०० तासांनंतर तो भाग बदलायचा, हे ठरलं २०२३ मध्ये. अशा अपघाताला अनपेक्षित म्हणणं मला जड जातं.

२९ नोव्हेंबर २०२३ ला जपानच्या याकुशिमाजवळ ऑस्प्रे कोसळून आठ जण गेले. डाव्या गिअरबॉक्समधलं एक चाक तुटलं होतं. तेलात धातूचे कण असल्याचा इशारा पुन्हा पुन्हा आला होता. बारीक कण यंत्रणा जाळून टाकते, तेही पाच वेळा झालं. तरी उड्डाण चालू ठेवलं, हाही दोष चौकशीने मांडला. तो खरा आहे, पण चाक काही वैमानिकांनी ओतलेलं नव्हतं.

सगळी ऑस्प्रे तीन महिने जमिनीवर राहिली. मार्च २०२४ मध्ये ती पुन्हा उडू लागली, एका अटीवर : उतरता येईल अशा धावपट्टीपासून तीस मिनिटांच्या आतच राहायचं. हे यंत्र घेतलं होतं ते दूरच्या मोहिमांसाठी.