आमटीतली गोळी

मुलांनो, परवा मधल्या सुट्टीत पाचवीतली एक मुलगी माझ्याजवळ आली. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "बाई, दारू सोडवायची गोळी असते ना? ती बाबांच्या नकळत आमटीत घातली तर चालेल?"

मी म्हटलं, "अजिबात नाही!" पण का नाही, तेच आज सांगते.

या गोळीचं नाव डायसल्फिराम. हे रसायन रबराच्या कारखान्यात वापरतात. डेन्मार्कमधले येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन हे संशोधक ते जंतांवर चालेल का, ते तपासत होते. त्यासाठी त्यांनी स्वतःच गोळ्या घेतल्या. पुढे थोडं मद्य घेतलं, तर काय! तोंड लालबुंद, छातीत धडधड, जीव कासावीस! कारण शोधून त्यांनी 1948 साली ते जगापुढे मांडलं.

हे घडतं कसं? पोटात गेलेल्या दारूचं आपलं यकृत आधी अॅसिटाल्डिहाइड नावाच्या विषारी पदार्थात रूपांतर करतं. मग दुसरं एक विकर त्या विषाचा निरुपद्रवी पदार्थ बनवतं. डायसल्फिराम या दुसऱ्या विकरालाच अडवतं. एसटी स्टँडवर गाड्या येत राहिल्या आणि बाहेर जायचं फाटक बंद असलं, तर काय होईल? तसंच विष अंगात साठतं. डोकं ठणकतं, उलट्या होतात, रक्तदाब उतरतो. कधी कधी जिवावरही बेततं.

शेवटची गोळी घेतल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. खोकल्याच्या काही औषधांत अल्कोहोल असतं, तेवढंही बाधू शकतं! म्हणून ही गोळी फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आणि घेणाऱ्याला सगळं सांगून, त्याच्या संमतीनंच द्यायची असते. ज्याला गोळीचा पत्ताच नाही, तो नेहमीसारखा प्यायला बसेल. मग?

ती मुलगी गप्प झाली. मग म्हणाली, "बाई, मला बाबा बरे व्हायला हवेत."

मी तिच्या आईला बोलावून घेतलं आणि व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता दिला. मुलांनो, दारूचं व्यसन हा आजार आहे. त्यावर उपचार आहेत, पण ते करणं हे तुमचं काम नाही. तुमचं काम एवढंच, की मनात न ठेवता विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगायचं. घरात भीती वाटली, तर 1098 हा क्रमांक फिरवा. पैसे पडत नाहीत.

आणि हो, सांगण्यात लाज कसली? चूक तुमची नाहीच मुळी!